बारीक आहे, मग साखर कशी वाढली?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

कोल्हापुरातल्या एका ताईंनी लिहिलंय. वय ४२. एका पतसंस्थेच्या हिशेब विभागात नोकरी. घरी नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. उंची ५ फूट १ इंच, वजन ५३ किलो. लग्नातलं ब्लाउज थोडं उसवून अजूनही अंगात येतं, असं त्या म्हणतात. संस्थेतल्या तपासणी शिबिरात रक्त दिलं, त्याचा रिपोर्ट असा आला: उपाशीपोटी साखर १०८, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १९०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३८, रक्तदाब १२४/८०. डॉक्टर म्हणाले, “बॉर्डरवर आहे. सहा महिने नेमानं व्यायाम करा, नाहीतर गोळी सुरू करू.”

ताईंना हे पटत नाही. नवरा ८६ किलोचा, तरुणपणी तालमीत घुमलेला. तो आजही अधूनमधून जोतिबाचा डोंगर पायी चढून येतो, मटणाला कधी नाही म्हणत नाही आणि त्याचा रिपोर्ट मात्र स्वच्छ. सासूबाईंचं म्हणणं, “आधीच काटकी, व्यायाम करून आणखी वाळशील.” ताई विचारतात, “पहाटे साडेपाचपासून रात्री साडेदहापर्यंत मी पायावर असते. याहून वेगळा व्यायाम तो कसला? रिपोर्ट चुकला असेल का? की सरळ गोळी घेऊन मोकळी होऊ? आणि या वयात सुरू करून उपयोग तरी काय?” पत्राच्या शेवटी दोन गोष्टी जाता जाता आल्या आहेत. दुसऱ्या गरोदरपणात साखर वाढली होती, ती बाळंतपणानंतर उतरली. आणि ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट बंद असली की दुसऱ्या मजल्यावर थांबून दम खावा लागतो.

उत्तर

ताई,

मी अडखळले ती तुमच्या शेवटच्या ओळीवर. ४२ व्या वर्षी, ५३ किलो वजनाच्या बाईला दोन मजल्यांवर दम लागावा, हे मला तुमच्या ६.१ या आकड्याइतकंच बोलकं वाटतं. पण आधी रिपोर्टबद्दल बोलू. तुमच्या मनात शंका असेपर्यंत बाकीचं काही पटणार नाही.

एचबीए१सी ५.७ ते ६.४ आणि उपाशीपोटी साखर १०० ते १२५ हा मधुमेहाच्या आधीचा टप्पा. दोन्ही आकड्यांनी तुम्ही त्यात बसता. रिपोर्ट चुकू शकतो का? एका कारणानं थोडा फसवा येऊ शकतो. अंगात लोह कमी असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसतो आणि आपल्याकडे बायकांमध्ये लोहाची कमतरता घरोघरी आहे. म्हणून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासून घ्या. जिन्यावर दम लागतो त्याचंही ते एक कारण असू शकतं, थायरॉइडचंही तसंच. पण सगळा दोष लोहावर ढकलता येणार नाही. उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल हे तिन्ही आकडे लोहाशिवायही तेच सांगताहेत. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत हवं, बायकांचं एचडीएल ५० च्या वर हवं, साखर १०० च्या आत हवी. कंबर, रक्तदाब आणि हे तीन, अशा पाच खुणांपैकी कुठल्याही तीन बिघडल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तुमच्या तीन आत्ताच भरल्या. चौथी घरीच मोजा: शिवणकामाची टेप बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता, श्वास सोडून. आपल्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच ही मर्यादा धरतात.

गरोदरपणातली साखर तुम्ही शिबिरातल्या डॉक्टरांना सांगितली होती का? मला वाटतं, त्यांनी विचारलं नसेल आणि तुम्हीही विसरला असाल. ज्या बाईची साखर गरोदरपणात वाढते, तिला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. बाळंतपणानंतर साखर उतरली की घरातले सगळे निश्चिंत होतात आणि ती गोष्ट फायलीतच राहते. हे वाचणाऱ्या ज्या ज्या ताईंना त्या दिवसांत साखर निघाली होती, त्यांनी आज कितीही बरं वाटत असलं तरी दर एक-दोन वर्षांनी रक्त तपासावं. ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न. मी बारीक आहे, मग मला का?

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, साधारण २२ येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे दोन फोटो छापले होते. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. फोटोखाली त्यांनी हेही लिहिलं होतं की युडकिन मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिक यांचं धावणं दवाखान्याच्या लिफ्टचं दार मिटायच्या आत पोचण्यापुरतंच आहे. आपल्या लोकांची ठेवण बऱ्याचदा अशीच असते. हातपाय बारीक, स्नायू कमी, चरबी पोटात आणि यकृतात. वजनकाट्याला यातलं काहीच दिसत नाही. वजनकाटा फक्त बेरीज सांगतो.

तुमच्या मिस्टरांचंही उत्तर यातच आहे. तालमीत घातलेल्या वर्षांचे जोर-बैठकांचे स्नायू आणि डोंगर चढायचा दम त्यांनी अजून राखलाय. म्हणून ८६ किलोतही त्यांचं रक्त सध्या ठीक आहे. ‘सध्या’ हा शब्द मी मुद्दाम वापरलाय. दम चांगला असला की वाढलेल्या वजनाचा त्रास कमी होतो, पण पुसला जात नाही. तालीम सुटली, खुराक तसाच राहिला आणि पन्नाशीत साखर निघाली, असे पैलवान आपल्या गावात कमी नाहीत. तेव्हा त्यांनीही वर्षातून एकदा रक्त तपासावं.

स्नायूंवर इतका भर का, ते सांगते. जेवल्यावर रक्तात येणारी साखर साठवणारं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे आपले स्नायू. इन्सुलिननं सांगितलं की त्यांनी साखर आत घ्यायची, हा नेहमीचा रस्ता. तुमच्या अंगात हा रस्ता अडू लागलाय. पण स्नायू आकुंचन पावू लागले की ते इन्सुलिनची वाट न बघता थेट रक्तातून साखर ओढून घेतात. हा दुसरा रस्ता आयुष्यभर उघडा राहतो, मधुमेह झालेल्यांचासुद्धा. शिवाय एकदा चांगला व्यायाम झाला की पुढचा दिवस-दोन दिवस इन्सुलिनचंही काम सोपं होतं. नंतर तो परिणाम ओसरतो. म्हणून रविवारी एकदम दोन तास चालून आठवडाभर बसून राहण्यात फारसा अर्थ नाही. दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू द्यायचा नाही.

“दिवसभर पायावर असते,” असं तुम्ही लिहिलंय. त्या कष्टांना मी मुळीच कमी लेखत नाही. संध्याकाळी पाय दुखतात, पाठ धरते, हे सगळं खरं आहे. पण थकवा येणं वेगळं आणि दम वाढणं वेगळं. स्वयंपाक, भांडी, झाडलोट ही कामं तुकड्या-तुकड्यांनी होतात. हृदयाला आणि फुप्फुसांना जोर लावावा लागेल अशी सलग दहा मिनिटं त्यात सहसा येत नाहीत. ऑफिसात तर सात-आठ तास खुर्चीत जातात. पंचमीला किंवा गौरीला फुगडी घालता ना? दोन फेऱ्यांनंतर छाती कशी धपापते, बोलताना वाक्य कसं तुटतं, ते आठवा. शरीराला दम वाढवायचा निरोप पोचतो तो त्या धापेतून. घरकामात ती धाप लागत नाही, म्हणून इतकं राबूनही तुमचा दम दोन मजल्यांवर संपतो.

हा दम, म्हणजे श्रम करताना शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता, आरोग्याचा फार मोठा मापदंड आहे. नाडी आणि रक्तदाबासारखीच तीही दवाखान्यात तपासली जावी, असं अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१६ साली म्हटलं. त्याआधी २००९ मध्ये एक लाखाहून अधिक लोकांवरच्या ३३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. स्वस्थ बसलेलं असताना शरीर जेवढा प्राणवायू वापरतं, ते एक माप धरा. ज्यांची क्षमता अशा एका मापानं जास्त होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी कमी दिसलं. एक माप म्हणजे फार मोठी मजल नव्हे. आज ज्यांना काहीच सवय नाही, त्यांतल्या पुष्कळ जणांना ते काही महिन्यांत गाठता येतं.

या वयात उपयोग आहे का? १९६६ साली अमेरिकेत डॅलसमध्ये विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. त्यांचा दम किती घटतो, ते बघायचं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. मधल्या तीस वर्षांत जेवढा दम गेला होता, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या झोपण्यानं गेला होता. मग पन्नाशीतल्या त्या गृहस्थांना सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम दिला, तर वयानं गेलेला दम जवळजवळ सगळा परत आला. तुम्ही तर अजून ४२ च्या आहात, ताई.

सासूबाईंची काळजी मायेची आहे, पण भीती चुकीची आहे. व्यायाम म्हणजे वजन उतरवणं, हा समज आपल्याकडे घट्ट बसलाय. त्यापायी जाड माणूस काटा हलला नाही म्हणून महिन्यात व्यायाम सोडतो आणि बारीक माणूस तो सुरूच करत नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं तुमच्यासारख्याच, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. चालणं आणि आहारातल्या बदलानं मधुमेह होण्याचं प्रमाण साधारण २८ टक्क्यांनी घटलं आणि वजनात म्हणावा असा फरक पडला नव्हता. तुमचा काटा ५३ वरच राहिला तरी चालेल. पोट थोडं आत आणि मांड्यांत थोडा जोर, एवढं आपल्याला हवंय. तेव्हा वाळायचं नाहीच आणि जेवण तोडायचंही नाही. ताटात भात-भाकरी थोडी कमी आणि उसळ, डाळ, दही, अंडी, मासे किंवा मटणाच्या फोडी थोड्या जास्त, इतकंच करा. उपासाला साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा कीस ताटभर खाल्ला जातो, तो मात्र आवरा. जेवण उशिरा घेणं, रात्रीचं जेवण बंद करणं असले प्रयोग नकोत. त्यात तुमचे आहेत ते स्नायूही जातील.

मग करायचं काय? मी जिमची फी भरा म्हणणार नाही. आवडत असेल तर जरूर जा, पण तुमच्या दिवसात जे बसेल तेच टिकेल.

पहिले दोन आठवडे एकच गोष्ट. रात्रीचं जेवण झालं की खरकटी भांडी तशीच ठेवा, चप्पल घाला आणि गल्लीत पंधरा मिनिटं चाला. भांडी कुठे पळून जात नाहीत. जेवणानंतर तासाभरात रक्तातली साखर सगळ्यात वर जाते, त्या वेळात पाय हलले की तिची उसळी कमी होते. दुपारी डबा खाल्ल्यावर ऑफिसातही दहा मिनिटं जिना आणि व्हरांडा फिरून या.

तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून चार दिवस अर्धा तास. रंकाळा जवळ असेल तर रंकाळा, नाहीतर विद्यापीठाचा परिसर किंवा जवळचं मैदान. पाच मिनिटं सावकाश चाला. मग तीन मिनिटं इतकं झपाझप की वाक्य अर्ध्यावर तुटावं, नंतर तीन मिनिटं सावकाश. असं चार वेळा. या पद्धतीवर जपानमध्ये मोठं काम झालंय. २०१३ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी मधुमेही लोकांच्या दोन गटांना चार महिने, आठवड्यातून पाच दिवस, रोज तासभर चालवलं. एक गट एकाच चालीनं चालला, दुसरा तीन मिनिटं जलद, तीन मिनिटं सावकाश असा. दोन्ही गटांनी खर्च केलेली ऊर्जा सारखीच होती. दम वाढला तो फक्त दुसऱ्या गटाचा आणि साखरही त्यांचीच सुधारली. माणसं मोजकीच होती, पण बाकी जे ठाऊक आहे त्याच्याशी हे जुळतं.

रंकाळ्यावर पहाटे चालणारी कितीतरी मंडळी वर्षानुवर्षं गप्पा मारत त्याच चालीनं फेऱ्या घालतात. त्यानं मन प्रसन्न राहतं, साखरेलाही काही उपयोग होतो, तेव्हा ते मुळीच सोडू नये. पण शरीराला त्या चालीची सवय झाली की दम तिथंच थांबतो. त्यांनीही मध्ये मध्ये तीन-तीन मिनिटं गप्पा थांबवून बघाव्यात.

आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंसाठी. हात न टेकता खुर्चीतून उठायचं-बसायचं, दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा दहा. भिंतीला तळवे टेकून जोर. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली. सोपं वाटू लागलं की संख्या वाढवायची, पुढे खुर्ची काढून बैठका. पंधरा मिनिटं पुरतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. वरचं सगळं धरलं तर तुम्ही १५० च्या पुढे जाता. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे दिवस-दिवस झड लागते, तेव्हा घराचा जिना आहे आणि लेकीबरोबर फुगडी आहे.

यासाठी वेळ कुठून आणायचा, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मला बोलायलाच हवं. साडेपाच ते साडेदहा या दिवसात तुम्ही अजून अर्धा तास लवकर उठा, असं मी सांगणार नाही. अपुरी झोपही साखर वाढवते. तो अर्धा तास घरातल्यांनी द्यायचा आहे. चार दिवस सकाळचा चहा आणि मुलांचे डबे मिस्टरांनी बघावेत. बैठका मारलेल्या माणसाला कणीक तिंबता येते. मुलंही रात्रीची भांडी आवरू शकतात. हे पत्र त्यांना वाचायला द्या.

गोळीबद्दल. मेटफॉर्मिन, म्हणजे साखरेची ती गोळी, घेणं म्हणजे हार मानणं नव्हे. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००२ साली आले, आहार-व्यायामानं मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं आणि मेटफॉर्मिननं ३१ टक्क्यांनी. पण ज्यांना गरोदरपणात साखर झाली होती त्या बायकांमध्ये दोन्हींचा गुण जवळजवळ सारखाच आला, साधारण निम्म्यानं घट. म्हणून डॉक्टरांना तुमची ती जुनी गोष्ट सांगणं गरजेचं आहे. ती ऐकून त्यांनी गोळी आत्ताच सुरू करावी असं ठरवलं, तर घ्या. “गोळी घेऊन मोकळी होऊ का” यातलं ‘मोकळी’ मात्र मला मान्य नाही. गोळी साखर सांभाळते. दोन मजल्यांवर संपणारा दम ती वाढवत नाही, मांडीत जोर आणत नाही. गोळी सुरू झाली तरी चालणं तसंच चालू ठेवायचं.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना जिन्यावरच्या दमाबद्दल स्पष्ट सांगा, रक्ताच्या तपासण्यांबरोबर एक ईसीजी काढून घ्या. छातीत दुखणं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ येणं, भोवळ, धडधड थांबतच नाही, असं काही झालं तर तिथंच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. नुसती धाप मात्र घाबरण्याची गोष्ट नाही. ती एक-दोन मिनिटांत बसली की सगळं ठीक आहे.

वजन रोज करू नका. त्याऐवजी महिन्यातून एकदा वहीत तीन गोष्टी लिहा: कंबर किती, सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी मिनिटाला किती आणि ऑफिसच्या जिन्यात कुठल्या मजल्यावर थांबावं लागलं. रक्त तीन महिन्यांनी तपासा, एचबीए१सी साधारण तेवढ्याच काळाचा हिशेब सांगतो. ट्रायग्लिसराइड बहुधा आधी उतरेल. एचडीएल सावकाश आणि थोडंच वाढतं, त्यावरून निराश होऊ नका. एकाच व्यायामाचा गुण दोघांना सारखा येत नाही, तेव्हा मिस्टरांच्या रिपोर्टशी तुलनाही नको. तीन महिन्यांत एचबीए१सी ६ च्या खाली आला तर याच मार्गानं पुढं चला. ६.५ किंवा वर गेला तर तपासणी पुन्हा करून डॉक्टर उपचार ठरवतील. ६.१ लाच थांबला आणि तुम्ही तिसऱ्या मजल्यावर न थांबता पोचू लागलात, तर व्यायाम वाया गेला असं समजू नका. वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि गोळीचा निर्णय त्यांच्यासमोर बसून घ्या.